शाळेतल्या पाळणाघरात दिवसभर काय झालं, हे घरच्यांना कुणी आणि कसं सांगायचं?

संध्याकाळी साडेसहा ते सव्वासातच्या दरम्यान ठाण्यातल्या एखाद्या मोठ्या शाळेच्या फाटकाशी उभं राहिलं, तर एकच संवाद वीस-पंचवीस वेळा कानावर पडतो. "आज काय काय केलंस?" "काही नाही." "डबा संपवलास?" "हो." "कुणाशी खेळलास?" याचं उत्तर येत नाही, कारण तोवर पोरगं रिक्षात चढलेलं असतं. ऐरोलीहून, महाप्याहून, बीकेसीहून दमून आलेल्या आईबाबांना आपल्या मुलाच्या दहा तासांबद्दल एवढंच कळतं.

मी नऊ वर्षं घोडबंदर रोडवरच्या एका शाळेतलं पाळणाघर सांभाळलं. प्रवेशाच्या दिवसांत पालक येतात, खोल्या बघतात, फी विचारतात. २०२४ च्या ऑगस्टपासून त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कॅमेरे आहेत ना?" बदलापूरच्या एका शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं, लोक रेल्वे रुळांवर उतरले, आणि आपल्या जिल्ह्यातल्या आयांच्या पोटात तेव्हा जो गोळा आला तो अजून विरलेला नाही. त्यामुळे कॅमेऱ्याचा प्रश्न अगदी रास्त आहे. पण त्याच्याही आधी विचारायचा एक प्रश्न आहे आणि तो फार थोडे पालक विचारतात: दिवसभरात माझ्या मुलाचं काय झालं, ते मला रोज कोण सांगणार?

शाळेतलं पाळणाघर वेगळं कशामुळे?

ज्युनिअर केजीचा वर्ग दुपारी साडेबाराच्या सुमारास सुटतो. आईबाबा उगवतात सातला. मधला वेळ मूल त्याच आवारात, वेगळ्या खोलीत, वेगळ्या माणसांबरोबर काढतं. तिथे जेवण, झोप, दूध, खेळ आणि थोडा अभ्यास होतो. हल्ली याला सकाळचाही तुकडा जोडला गेलाय. पूर्व प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत, असं राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये ठरवलं. मुलांच्या झोपेसाठी निर्णय चांगला आहे. पण आठच्या आतली लोकल पकडणाऱ्या आईने नऊपर्यंत मूल कुठे ठेवायचं? बऱ्याच घरांनी तो वेळही पाळणाघराकडे सोपवला.

आता हात मोजा. सकाळच्या मावशी, मग वर्गशिक्षिका, मग जेवण भरवणाऱ्या मावशी, दुपारी झोपवणाऱ्या ताई, आणि संध्याकाळी दारात उभ्या असलेल्या ताई. एका दिवसात मूल पाच जणींच्या हातातून जातं. नौपाड्याच्या एखाद्या जुन्या इमारतीत तळमजल्यावर पाळणाघर चालवणाऱ्या काकू असतात, तिथे हात एकच असतो. काकूंना सगळं ठाऊक असतं आणि संध्याकाळी दाराची कडी काढता काढता त्या ते सांगूनही टाकतात. शाळेकडे मोठी जागा असते, प्रशिक्षित माणसं असतात, अग्निशमनाची व्यवस्था असते, डॉक्टरचा नंबर भिंतीवर असतो. पण मुलाच्या दिवसाची गोष्ट पाच तुकड्यांत विखुरलेली असते, आणि ते तुकडे कुणी जोडले नाहीत तर ती घरी पोचत नाही.

रुग्णालयात नर्सची पाळी बदलते तेव्हा जाणारी नर्स येणारीला प्रत्येक खाटेशी नेऊन सांगते: यांना ताप होता, हे औषध दोनला दिलंय, सलाईन रात्री नऊला बदलायचंय. याला 'हँडओव्हर' म्हणतात, म्हणजे माणूस सोपवताना त्याची माहितीही सोपवणं. रुग्ण निदान बोलू तरी शकतो. तीन वर्षांच्या मुलाला "मला दुपारी झोप लागली नाही म्हणून आता चिडचिड होतेय" असं सांगता येत नाही. ते रिक्षात बसल्यावर नुसतं रडतं, आणि आईला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय.

कळवायचं म्हणजे नेमकं काय?

पाळणाघरातून घरी जायची माहिती तीन प्रकारची असते आणि तिन्हींचा वेग वेगवेगळा असतो. एकच ॲप किंवा एकच वही तिन्हींसाठी वापरली, तर गोंधळ होतो.

पहिली रोजची माहिती. किती जेवलं, किती झोपलं, शी झाली का, दिवसभर खुशीत होतं की कुरकुरत होतं. चार ओळींचं काम आहे. बँकेच्या पासबुकासारखं हे असतं: एकेका नोंदीत फारसं काही दिसत नाही, पण तीन आठवड्यांची पानं उलटली की मंगळवारी आणि गुरुवारी मूल जेवत नाही हे लख्ख दिसतं. आमच्याकडे एका मुलाचं असंच झालं होतं. त्या दोन दिवशी दुपारी शेजारच्या सभागृहात ढोल-ताशाचा सराव चाले. आवाजाने तो घास तोंडात धरून बसायचा. आम्ही त्याचं ताट दुसऱ्या खोलीत नेलं आणि पोरगं जेवायला लागलं. ही गोष्ट आम्हाला वहीने सांगितली. एकेका दिवसाकडे बघून ती कुणाच्याच ध्यानात आली नव्हती.

दुसरी त्या क्षणीच सांगायची माहिती: पडणं, लागणं, चावा, ताप, उलटी. यावर मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण विश्वास तुटतो तो इथेच.

एका दुपारी चारच्या सुमारास लाल ट्रॅक्टरवरून दोन मुलांत ओढाताण झाली आणि एकाने साडेतीन वर्षांच्या मुलीच्या दंडाला कडकडून चावा घेतला. मावशींनी तिला उचललं, गार पाण्याची पट्टी ठेवली, पाठीवर थोपटलं. रडणं थांबलं, खेळ पुन्हा सुरू झाला, वहीत लिहायचं राहून गेलं. सहा वाजता पाळी बदलली. दारातल्या ताईंना काहीच माहीत नव्हतं. त्यांनी हसून निरोप दिला. आईला कळलं रात्री साडेआठला, अंघोळीच्या वेळी, फ्रॉक काढल्यावर. दंडावर निळसर गोल, दात मोजता येतील इतका स्पष्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आई माझ्यासमोर बसली होती. आवाज चढवला नाही. म्हणाली, "चावलं त्याचं काही नाही हो, मुलं आहेत. पण मी तिचा फ्रॉक काढेपर्यंत मला माहीतच नव्हतं. आणखी काय काय मला माहीत नसेल?"

तिच्या त्या शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मध्य रेल्वेने रोज प्रवास करणाऱ्याला हे लगेच समजेल. गाडी वीस मिनिटं उशिरा आली तर माणसं कुरकुरतात. पण गाडी का थांबलीय, किती वेळ थांबणार, हे कुणी सांगतच नाही तेव्हा फलाटावर खरा संताप होतो. पाळणाघरातही पालकांचा राग अपघातावर फारसा नसतो. मूल पडणार, हे त्यांनाही ठाऊक असतं. ते आपल्याला सगळ्यांत शेवटी कळलं, हे मनाला लागतं.

त्या दिवसानंतर आम्ही क्रम ठरवला: आधी फोन, मग दारात प्रत्यक्ष बोलणं, मग वहीत नोंद आणि पालकांची सही. फोन ऑफिसमधून करायचा नाही. जिने पाहिलं तिनेच करायचा. "तुमच्या मुलीला किरकोळ दुखापत झाली आहे" हे ऑफिसचं वाक्य ऐकून आईचे हातपाय गळतात. "मी सुनंदामावशी बोलतेय, ट्रॅक्टरवरून भांडण झालं, दंडाला चावलंय, रक्त नाही आलं, आता माझ्या मांडीवर बसून बिस्कीट खातेय" हे ऐकल्यावर तीच आई पुन्हा कामाला लागू शकते. (नाव बदललंय, बोलणं तेच आहे.)

चावणाऱ्या मुलाचं नाव मात्र सांगायचं नाही. पालक हमखास विचारतात, आणि नाही म्हटलं की लपवाछपवीचा वास येतो. म्हणून कारण सांगावं: बोलता येत नाही तिथे लहान मुलांचे दात बोलतात, दोन-तीन वर्षांच्या वयात हे सर्रास घडतं, आणि आज चावणारं मूल उद्या चावून घेणारं असू शकतं. नाव फुटलं की सोसायटीच्या बागेत त्या मुलाला कुणी खेळायला घेत नाही. त्याच्या आईशी आम्ही वेगळं बोलतो आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करतोय तेही सांगतो. एवढं ऐकल्यावर बहुतेक पालक नावाचा आग्रह सोडतात.

तिसरी माहिती सावकाश बोलायची असते. बोलणं उशिरा येतंय, नजर देत नाही, मोठ्या आवाजाला फार घाबरतं, अचानक पुन्हा चड्डीत शू करायला लागलं. हे सातच्या गर्दीत दारात सांगण्यासारखं नाही आणि मेसेजवर तर नाहीच नाही. खुर्चीवर बसून, दार लावून, अर्धा तास काढून बोलायचं. आई आणि बाबा दोघांनाही बोलवायचं. एकट्या आईला सांगितलं की घरी तेच ओझं तिला पुन्हा एकटीला उलगडावं लागतं आणि वर "तूच जास्त विचार करतेस" हे ऐकावं लागतं.

व्हॉट्सॲप ग्रुप आहे की!

आहे, आणि उपयोगाचा आहे. उद्या सुट्टी, परवा रंगीत कपडे, पावसामुळे लवकर न्यायला या, अशा सगळ्यांसाठीच्या सूचनांना ग्रुप छान. पण एका मुलाबद्दलची कुठलीही गोष्ट तिथे जाता कामा नये. "आरवने आज पण डबा टाकला" हे वाक्य चाळीस घरांत पोचतं आणि आरवच्या आईला चाळीस जणांसमोर उभं केल्यासारखं होतं.

फोटोंबाबत तर जास्तच जपायला हवं. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या व्यक्तीची माहिती वापरण्यासाठी आईवडिलांची खातरजमा करता येईल अशी संमती लागते, असं तत्त्व घातलेलं आहे. कायद्याची कलमं बाजूला ठेवली तरी साधी गोष्ट आहे: आंघोळीचा, झोपेचा, रडतानाचा फोटो कुणाचाच जाऊ नये, आणि ज्या घराने "आमच्या मुलाचा फोटो नको" म्हटलं त्याला त्याचं कारण विचारू नये. घटस्फोटाची केस चालू असू शकते. मूल दत्तक असू शकतं. काहीच नसू शकतं, नुसतं नको असू शकतं.

आणखी एक. ग्रुपमध्ये साधारण आयाच असतात. नंबर घेतानाच बाबांचा आणि सांभाळणाऱ्या आजी-आजोबांचा घेतला, तर "तुझ्या शाळेचा मेसेज आलाय का बघ" हे आईच्या एकटीच्या वाट्याला येत नाही.

कॅमेरे असताना एवढ्या वह्या कशाला?

बदलापूरनंतर २१ ऑगस्ट २०२४ ला राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने शासन निर्णय काढला. शाळांमध्ये सीसीटीव्ही बसवायला महिन्याची मुदत दिली आणि आठवड्यातून निदान तीनदा मुख्याध्यापकांनी चित्रण तपासावं, असं त्यात म्हटलं. कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासण्याचंही बंधन घातलं. हे सगळं हवंच. कॅमेरे नकोत, असं मी कधीच म्हणणार नाही.

पण खारघर आठवतं? २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला मदतनीस बाईने मारहाण केली. कॅमेरा भिंतीवर होता, चालूही होता. तो मारहाण थांबवू शकला नाही. बाळाच्या अंगावरच्या खुणा आईला दिसल्या, तिने पाठपुरावा केला, तेव्हा ते चित्रण पाहिलं गेलं. बदलापुरातही आधी मुलींनी घरी सांगितलं, मग बाहेर कळलं. दोन्ही वेळा सुरुवात झाली ती घरच्या माणसाच्या नजरेने आणि कानाने. कॅमेरा झालेलं साठवून ठेवतो. कुणीतरी शंका घेऊन बघायला गेलं तर दाखवतो. ती शंका यायला रोजचं माहीत असावं लागतं. ज्या आईला रोज "आज गुडघा खरचटलाय, घसरगुंडीवरून" असं सांगितलं जातं, तिला न सांगितलेली खूण दिसली की ती त्याच संध्याकाळी विचारते.

काही पालक मोबाइलवर थेट चित्रण मागतात. मागण्यामागची काळजी मला पुरेपूर कळते. पण त्या खोलीत तुमच्या एका मुलाबरोबर आणखी तीस मुलं असतात, कपडे बदलत असतात, झोपलेली असतात. तीस घरांच्या मोबाइलवर, त्या घरांतल्या सगळ्यांच्या हातात, तुमचंही मूल दिवसभर दिसत राहणार. हे चालेल का, असं उलट विचारलं की बरेच जण थांबून विचार करतात. त्याऐवजी दोन गोष्टी ठामपणे मागा: काही शंका आली तर मुख्याध्यापकांच्या समोर बसून त्या वेळेचं चित्रण बघायची मुभा, आणि न सांगता कधीही दारात यायची मुभा.

या दुसऱ्या मागणीला कायद्यात एक दाखला आहे. २०१७ च्या प्रसूती लाभ दुरुस्ती कायद्याने ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचं केलं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊन येण्याचा हक्क दिला. तो नियम नोकरीच्या ठिकाणच्या पाळणाघराला लागू आहे. शाळेतल्या पाळणाघराला तो थेट लागत नसला, तरी आईला आत येऊ देणं हा पाळणाघराच्या कामाचाच भाग आहे, हे त्यात कायद्याने मान्य केलंय. झोपेच्या वेळी आवाज करू नका, एवढी अट घालून दार उघडं ठेवता येतं. आम्ही ठेवलं होतं. पहिल्या महिन्यात सगळे डोकावून गेले, दुसऱ्या महिन्यापासून क्वचितच कुणी आलं. आपण हवं तेव्हा जाऊ शकतो, एवढं कळल्यानेच त्यांना स्वस्थ वाटत होतं.

घराने शाळेला काय सांगायचं?

आत्तापर्यंत सगळा भार शाळेवर टाकला. पण ही वाट दुहेरी आहे.

सगळ्यात जास्त त्रास देणारी गोष्ट म्हणजे सकाळी पॅरासिटॅमॉल पाजून पाठवलेलं तापाचं मूल. सातला डोस दिला की ताप उतरतो, मूल हसत येतं. त्याचा असर चार ते सहा तास टिकतो. म्हणजे बाराच्या सुमारास, नेमकं जेवणाच्या वेळी, ताप पुन्हा चढतो. मावशींना आधीचा डोस माहीत नसतो. त्यांनी काय करायचं? दुसरा डोस द्यायचा तर आधीचा कधी दिला ते कळायला हवं, आणि आई मीटिंगमध्ये असते. रजा मिळत नाही, पगार कापला जातो, हे मला समजतं. कुणी मजेसाठी असं करत नाही. निदान एक ओळ लिहून द्या: "रात्री ९९.८, सकाळी ७ ला औषध दिलंय." त्यावरून आम्ही त्याला वेगळं झोपवू आणि अकरालाच फोन करू.

घरात आजोबा वारले, बाबा महिनाभर परदेशी गेले, बाळ आलं, घर बदललं, आईबाबांत अबोला आहे: यातलं सगळं तपशिलात सांगायची गरज नाही. "घरात थोडं जड चाललंय, आठ-दहा दिवस सांभाळून घ्या" एवढं पुरे. ते ऐकलेली मावशी त्या मुलाला झोपवताना पाच मिनिटं जास्त थोपटते.

आणि शब्द. ठाण्यात एका खोलीत मराठी, गुजराती, भोजपुरी, तमिळ, सिंधी अशी पोरं असतात. दोन वर्षांचा एक मुलगा पहिल्या आठवड्यात सारखा "तण्णी, तण्णी" म्हणून रडायचा. मावशींना वाटलं हे त्याच्या बहिणीचं नाव असावं. त्या त्याला समजवायच्या, ताई येईल हं संध्याकाळी. चौथ्या दिवशी त्याची आजी सोडायला आली तेव्हा कळलं: तमिळमध्ये तण्णी म्हणजे पाणी. चार दिवस पोर पाणी मागत होतं. (बाकी मुलांबरोबर त्याला पाणी मिळत होतं, पण मागितल्यावर मिळत नव्हतं, आणि लहान जिवाला तो फरक कळतो.) तेव्हापासून आमच्या प्रवेश अर्जात रक्तगटाच्या खाली एक चौकट आली: तुमचं मूल पाण्याला, भुकेला, शूला, शीला आणि झोपेला काय म्हणतं? माझ्या मते अख्ख्या अर्जात सगळ्यात उपयोगाची जागा तीच.

कळवणं झालं, सामील करून घेणं म्हणजे काय?

घरात रंग काढायचाय, आणि रंग ठरवून झाल्यावर तुम्हाला सांगितलं, तर ते कळवणं. डबे उघडायच्या आधी विचारलं, तर तुम्हाला सामील करून घेतलं.

यासाठी कागदावर व्यवस्था आहेत. शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क नियमन कायद्याने खाजगी शाळांतही वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन करणं बंधनकारक आहे. मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी २०२२ च्या शासन निर्णयाने आलेल्या सखी सावित्री समितीतही पालकांना जागा आहे. पण या बैठका कधी होतात? बुधवारी सकाळी अकराला. ज्याचं मूल पाळणाघरात आहे, तो पालक बुधवारी सकाळी अकराला हमखास ऑफिसात असतो, म्हणून तर मूल पाळणाघरात आहे! दिवसाचे सर्वाधिक तास शाळेत काढणाऱ्या मुलांचेच पालक बैठकीत नसतात. संध्याकाळी सातला, मुलं शेजारच्या खोलीत खेळत असताना, चहा-बिस्किटांवर पाऊण तासाची बैठक घेऊन पाहा. आमच्याकडे अकराच्या बैठकीला चार जण यायचे, सातच्या बैठकीला खुर्च्या कमी पडल्या.

सामील होणं म्हणजे फक्त समितीही नव्हे. याचा धडा आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात मिळाला होता. १९४५ मध्ये बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्राचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. (बोर्डी आणि हे काम पुढे जिथे गेलं ते कोसबाड आता पालघर जिल्ह्यात येतात.) पाड्यांवरची मुलं मध्यवर्ती बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी मुलांना दटावून आणलं नाही. बालवाडीच उचलून पाड्यावर, घरांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द आज सरकारी पाटीवर दिसतो, त्याच्या मुळाशी ते खरंखुरं अंगण आहे, जिथे चुलीपाशी बसलेल्या आईला आपलं मूल काय शिकतंय ते दिसत होतं. पंधराव्या मजल्यावरच्या घराला अंगण नाही. पण घणसोली-दिव्याच्या गावठाणातली आजी येऊन आगरी गाणं म्हणू शकते, कुणाचे बाबा शनिवारी तासभर मोडक्या खेळण्यांना स्क्रू मारून देऊ शकतात, कुणी घरी बसून जुन्या साड्यांच्या छोट्या गोधड्या शिवून देऊ शकतं. आपल्या आजीच्या साडीच्या गोधडीवर मूल दुपारी लवकर झोपतं, हे मी कित्येकदा पाहिलंय.

"न्यायला कोण येणार?" आणि पावसाचा दिवस

मूल कुणाच्या हाती द्यायचं याची यादी फोटोंसह, लेखी, दारापाशी असावी. यादीत नसलेल्या माणसाच्या हाती मूल द्यायचं नाही, मग तो सख्खा काका असो, आणि मूल "काका!" म्हणून धावत जावो. त्या क्षणी काकांना वाईट वाटतं. आईला फोन लागेपर्यंत त्यांना खुर्ची द्या, पाणी द्या. मूल देऊ नका.

पावसाची योजना जूनमध्येच पालकांबरोबर बसून ठरवायला हवी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि हजारो माणसं रात्रभर अडकली. तेवढा पाऊस पुन्हा पडावा लागत नाही. कुर्ला-सायनला रुळांवर पाणी आलं आणि घोडबंदरला वाहतूक तुंबली, तरी सातची आई दहाला पोचते. अशा रात्री कोणत्या दोन मावशी थांबतील, खिचडी कुठे शिजेल, जवळ राहणारं कोणतं घर कुणाच्या मुलाला नेईल, हे आधी ठरलेलं असलं तर अडकलेल्या आईला फक्त एक मेसेज लागतो: "जेवला. झोपला. सावकाश या."

"एवढं सगळं करायला मावशींना वेळ कुठे आहे?"

हा आक्षेप खरा आहे आणि शाळांनी तो पालकांच्या तोंडावर फेकू नये. दोन पाळ्यांमध्ये पंधरा मिनिटं दोघी एकत्र असतील असा पगारी वेळ ठेवला, तरच निरोप पुढे जातो. जाणारी सहाला निघते आणि येणारी सहाला येते, तिथे निरोप जिन्यातच राहतो. लिहिता न येणाऱ्या मावशींसाठी आम्ही खुणांची वही केली: पूर्ण ताट, अर्धं ताट, रिकामा चंद्र, भरलेला चंद्र. ज्या मावशींच्या मांडीवर मूल झोपतं, त्यांना "पालकांशी काही बोलायचं नाही, ऑफिसला विचारा म्हणायचं" असं सांगणाऱ्या शाळा मला माहीत आहेत. ते मला फार लागतं. ज्यांनी पाहिलं त्यांचंच तोंड बंद केलं, तर सांगणार कोण?

"तक्रार केली तर राग मुलावर निघेल"

ही भीती पालक मोठ्याने बोलत नाहीत, पण ती जवळजवळ प्रत्येक घरात असते. म्हणून तक्रार कुणाकडे करायची ते नाव, आणि ती ज्यांच्याबद्दल आहे त्यांच्या वरच्या माणसाचं नाव, प्रवेशाच्या दिवशीच लेखी द्यावं. तक्रारीचं उत्तर किती दिवसांत मिळेल तेही लिहावं. लहान तक्रारी सहज करता आल्या, तर मोठी करायची वेळ आल्यावर जीभ अडखळत नाही.

मात्र एका बाबतीत शाळा, पालक, मावशी कुणालाच निवड नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पॉक्सो कायद्याच्या १९ व्या कलमानुसार पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा गुन्हा आहे. आधी शाळेची अंतर्गत चौकशी, मग बघू, असं नसतं. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ आहे, पोलिसांसाठी ११२.

प्रवेश घेण्याआधी

माहितीपत्रक वाचा, कॅमेरे मोजा, स्वच्छतागृह बघा. आणि पैसे भरण्याआधी एकदा संध्याकाळी साडेसहाला जाऊन त्या फाटकाशी दहा मिनिटं नुसते उभे राहा. मूल सोपवताना दारातली बाई काय बोलते ते ऐका. "घ्या, झालं, बाय बाय" एवढंच ऐकू येतं, की असं काहीतरी: "भाजी नाही खाल्ली, पण वरणभात दोनदा मागितला. दुपारी पाऊणच तास झोपलाय, गाडीत झोपेल, झोपू द्या. आणि हो, आज चपलेचा पट्टा त्याचा त्याने लावला, तीनदा सुटला तरी मला हात लावू दिला नाही."